घोडबंदरचा नाका आणि इंटरनेटची जकात

घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला या रस्त्याची ओळख दोन गोष्टींवरून असते, ट्रॅफिक आणि फ्लॅटचे भाव. माजिवाडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, मग गायमुखचा घाट, आणि घाटाच्या पलीकडे वसईच्या खाडीकाठचे ते गाव, ज्याच्यावरून रस्त्याला नाव पडले. घोड्यांचे बंदर ते घोडबंदर. अरबस्तानातून समुद्रमार्गे आलेले घोडे इथे उतरत आणि विकले जात, म्हणून हे नाव, असे परंपरेने सांगितले जाते. गावात पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला अजून उभा आहे. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे आणि साष्टीचा हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला.

मला आज लिहायचे आहे ते इंटरनेटबद्दल. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेटची तटस्थता, हा शब्द २०१५ मध्ये आपल्याकडे प्रत्येकाच्या तोंडी होता. नंतर तो विसरला गेला. पण हा वाद मिटलेला नाही आणि तो वाटतो तेवढा नवाही नाही. मार्ग एकाच्या ताब्यात आणि माल दुसऱ्याचा, अशी स्थिती जिथे जिथे आली, तिथे हाच प्रश्न उभा राहिला: नाक्यावर बसलेल्याने कोणाकडून किती घ्यावे, आणि कोणाला पुढे सोडावे? खाडीच्या तोंडावर नाका बांधणाऱ्यांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती तपासून पाहिली तर आजचा वादही नीट समजतो.

आधी प्रश्न सोप्या शब्दांत मांडतो. आपण मोबाईल कंपनीला डेटाचे पैसे देतो. त्या डेटावर आपण काय पाहावे, बातमी, कुराणाची तिलावत, क्रिकेट की हा ब्लॉग, हे आपण ठरवतो. कंपनीने सगळ्या संकेतस्थळांना सारखे वागवावे, एकाला जलद आणि दुसऱ्याला संथ करू नये, एकाचा डेटा फुकट आणि दुसऱ्याचा महाग करू नये, हा झाला तटस्थतेचा नियम. अमेरिकी कायदेतज्ज्ञ टिम वू यांनी २००३ मध्ये या कल्पनेला हे नाव दिले. कल्पना त्याहून जुनी आहे.

पोर्तुगीजांचे परवाने

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज अरबी समुद्रात आले. त्याआधी या समुद्रावर कोणा एकाची मालकी नव्हती. गुजराती, अरब, कोकणी, मलबारी जहाजे ये-जा करत आणि ज्या बंदरात माल उतरेल तिथली जकात भरत. पोर्तुगीजांनी नवीन पद्धत आणली. प्रत्येक जहाजाने त्यांच्याकडून 'कार्ताझ' म्हणजे परवाना घ्यायचा, त्यात लिहिलेल्या मार्गानेच जायचे, आणि पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज जप्त. परवान्याची फी फार नव्हती. खरा भार अटींचा होता. काही माल इतरांना नेताच येत नसे, काही शत्रूंना परवानाच मिळत नसे.

घोड्यांची गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला लढाईसाठी घोडे हवे असत आणि चांगले घोडे समुद्रापलीकडून येत. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार गोव्याकडे वळवण्याचा सपाटा लावला. ठरावीक संख्येने घोडे घेऊन गोव्याला येणाऱ्या जहाजाला बाकीच्या मालावरची जकात माफ केली जाई. आजच्या भाषेत याला 'झिरो रेटिंग' म्हणतात. व्यापाऱ्याला सवलत मिळाली, तो खूश. पण या सवलतीने दाभोळ आणि भटकळसारख्या बंदरांचा घोड्यांचा धंदा ओढून नेला. सवलत देणाऱ्याच्या मनात व्यापाऱ्याचे भले नव्हते, मार्गावरची पकड होती.

आणि पैसे भरले, परवाना घेतला, तरी खात्री नव्हतीच. १६१३ मध्ये सुरतेजवळ पोर्तुगीजांनी 'रहिमी' नावाचे मोठे जहाज पकडले. ते बादशहा जहांगीरच्या आईचे, मरियम-उझ-झमानीचे होते, आणि त्याच्याकडे कार्ताझ होता. हज आणि मक्केच्या व्यापाराच्या वाटेवर चालणाऱ्या या जहाजावर सुमारे सातशे माणसे होती. पुढे जहांगीरने पोर्तुगीजांशी उघड वैर घेतले. मार्ग ज्याच्या हाती, तो उद्या आपलाच दिलेला परवाना मोडू शकतो आणि बादशहाची आईसुद्धा त्यातून सुटत नाही, एवढा धडा या घटनेतून घ्यायला हवा.

आपल्या घरचा दाखला

परक्यांचा अन्याय सांगणे सोपे असते. म्हणून दुसरा दाखला घरचा घेतो.

'जकात' हा मराठी शब्द अरबीतल्या 'ज़कात'वरून आला. एक इबादत आहे, दुसरा नाक्यावरचा कर. पण दोघांचा संबंध केवळ शब्दापुरता नाही. व्यापारी मालावरची ज़कात चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच. हनफी फिक़्हमध्ये नाक्यावरच्या वसुली अधिकाऱ्याने मुस्लिम व्यापाऱ्याकडून याच हिशेबाने घ्यावे आणि इतरांकडून जास्त, असा विचार मांडला गेला होता. त्यामागचे कारण असे की मुस्लिमाकडून घेतलेली रक्कम ही त्याची ज़कातच समजली जाई.

औरंगजेबाने १६६५ मध्ये हेच दर लागू केले, मुसलमानांना शेकडा अडीच आणि हिंदूंना शेकडा पाच. १६६७ मध्ये त्याने आणखी एक पाऊल टाकले आणि मुस्लिम व्यापाऱ्यांची जकात पूर्ण माफ केली. मग बाजारात जे व्हायचे ते झाले. हिंदू व्यापाऱ्यांचा माल मुस्लिमांच्या नावावर नाका ओलांडू लागला. माल तोच, गाठोडे तेच, फक्त नाव बदललेले. खजिन्याचे उत्पन्न बुडाले आणि पुढे ही माफी मागे घ्यावी लागली.

काही वाचकांना हे उदाहरण आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. पण ज्या समाजाला आज ठिकठिकाणी नाव पाहून दर बदलण्याचा अनुभव येतो, घर भाड्याने घेताना येतो, त्याने हा इतिहास स्वतःहून सांगायला हवा. माल कोणाचा आहे हे पाहून दर ठरवणे अन्यायाचे असते, मग नाक्यावर कोणीही बसलेला असो. शिवाय ते टिकतही नाही. त्यामुळे खोटी नावे जन्माला येतात आणि व्यापारी गिऱ्हाइकाऐवजी नाकेदाराची मर्जी सांभाळू लागतो.

मिठाची गोष्ट

आता दुसरी बाजू. सगळ्यांना एकच दर, हा नियम नेहमीच न्यायाचा असतो का?

१६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते, त्यामुळे व्यापारी तिकडे वळत होते आणि स्वराज्यातल्या मिठागरांचा धंदा बसत होता. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले, म्हणजे संगमेश्वरकडच्या मिठाच्या मानाने ते महाग पडावे. इथे तटस्थता नव्हती, उघड पक्षपात होता, आणि तो दुर्बळ बाजूच्या रक्षणासाठी होता.

इंग्रजी अमलातही दोन्ही प्रकार दिसतात. १८५४ च्या टपाल सुधारणेने साध्या पत्राला अंतर कितीही असले तरी अर्धा आणा, असा एकच दर आला. ठाण्याहून पत्र भिवंडीला जावो की कलकत्त्याला, दर तोच. पण त्याच टपालखात्याने वृत्तपत्रांना वेगळा, सवलतीचा दर दिला. त्या सवलतीवर देशी भाषांतली किती पत्रे जगली! म्हणजे दरातला फरक लोकांच्या भल्यासाठीही असू शकतो.

रेल्वेचे उलटे झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी सुटली ती आपल्या ठाण्यालाच आली. पुढे जाळे वाढले तसे मालभाड्याचे दर असे बांधले गेले की बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरातून येणारा तयार माल स्वस्तात जाई, आणि देशातल्या देशात फिरणारा माल महाग पडे. हिंदी व्यापाऱ्यांची ही जुनी तक्रार होती आणि १९१६-१८ च्या औद्योगिक आयोगाने तिची दखल घेतली. विशेष म्हणजे १८९० च्या रेल्वे कायद्यात कोणाही एकाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये, असे कलम होते. कायद्यात तटस्थता होती, दरपत्रकात नव्हती.

२०१५ चा वाद

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळे पैसे लावण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतले. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, या विषयावर सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध केला. एप्रिलमध्ये 'एअरटेल झिरो' आले. त्यात ॲपच्या कंपनीने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होते, टीका होताच बाहेर पडले. दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' आणले होते. काही निवडक राज्यांत ते सुरू झाले, त्यात महाराष्ट्र होता. नंतर त्याचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी भारतीय वृत्तपत्रात लेख लिहून त्याची तुलना सार्वजनिक वाचनालयाशी आणि दवाखान्याशी केली.

तटस्थतेच्या विरोधातले मुद्दे तेव्हा ज्या हेटाळणीने उडवले गेले, तेवढे ते पोकळ नव्हते. तीन मुद्दे वजनाचे आहेत.

पहिला गरिबाचा. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला थोडे फुकट मिळत असेल तर आपण पोटभर जेवलेल्यांनी ते का अडवावे? मुंब्र्यातल्या किंवा शहापूरच्या पाड्यावरच्या मुलीला विकिपीडिया फुकट मिळाला असता तर कोणाचे काय बिघडले असते?

दुसरा खर्चाचा. मार्च २०१५ च्या लिलावात दूरसंचार कंपन्यांनी स्पेक्ट्रमसाठी सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपयांची बोली लावली. टॉवर त्यांनी उभारायचे, केबल त्यांनी टाकायची, आणि त्यावरून फुकट कॉल देऊन पैसा परदेशी कंपन्यांनी कमवायचा, हा त्यांचा सवाल होता.

तिसरा गर्दीचा. रस्ता सगळ्यांचा असला तरी शिस्त लावावीच लागते. घोडबंदर रोडवरून न्हावाशेवा बंदर आणि गुजरात यांच्यामधले कंटेनर जातात. वाहतूक पोलीस अवजड वाहनांना वेळा ठरवून देतात आणि त्याबद्दल आपण त्यांना दुवाच देतो. रुग्णवाहिकेला वाट देताना कोणी समानतेचा मुद्दा काढत नाही.

मग यांना उत्तर काय? मला ते वर सांगितलेल्या इतिहासातच सापडते.

गर्दीचा मुद्दा मान्य, पण पोलीस ट्रेलर थांबवतो तो ट्रेलर म्हणून. मालक कोण हे तो पाहत नाही. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, दहिसर आणि मुलुंड त्यातच आले. ही माफी वाहनाच्या प्रकाराला आहे. उद्या अमुक कंपनीच्या गाड्यांना माफी आणि तमुक कंपनीच्या गाड्यांना टोल, असे झाले तर आपण गप्प बसू का? इंटरनेटवरही व्हिडिओ कॉलला प्राधान्य आणि ईमेल क्षणभर मागे, हे चालेल. एका कंपनीच्या व्हिडिओ कॉलला प्राधान्य आणि दुसऱ्याच्या नाही, हे चालणार नाही. ट्रायच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींतही वाजवी वाहतूक नियोजनाला जागा ठेवली होती, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या तत्त्वतः स्वीकारल्या.

खर्चाचा मुद्दाही खरा, पण केबलचे पैसे ग्राहक देतोच. डेटा जास्त वापरला तर जास्त पैसे, हे तटस्थतेच्या आड येत नाही. एकाच मालावर एकदा गिऱ्हाइकाकडून आणि एकदा विकणाऱ्याकडून जकात घ्यायची मुभा दिली, तर नाका हाच मुख्य धंदा होऊन बसतो.

गरिबाच्या मुद्द्यावर मात्र थांबून विचार करायला हवा. मिठाच्या पत्रातला पक्षपात आपल्याला पटतो, कारण तो कोणी आणि कोणासाठी केला हे स्पष्ट आहे. रयतेला जबाबदार असलेल्या राज्याने दुर्बळासाठी केला. फ्री बेसिक्समध्ये बलाढ्य कंपनी स्वतःच नाकेदार होती. कोणते संकेतस्थळ आत घ्यायचे त्याच्या अटी तिच्या होत्या आणि तिचा स्वतःचा मालही त्याच गाठोड्यात होता. वृत्तपत्रांच्या टपालदराची सवलत नोंदणी केलेल्या प्रत्येक पत्राला होती. टपालखाते स्वतःचे वर्तमानपत्र काढत नव्हते. गरिबाला मदत करायची तर त्याला डेटा द्यावा, मग तो त्यावर काय पाहायचे ते पाहील. मदत माणसाला करावी, ठरावीक दुकानाला नको.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने हाच निर्णय दिला. संकेतस्थळ किंवा मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी आली. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या काळात सवलतीला मुभा ठेवली. काही दिवसांतच फेसबुकने भारतातले फ्री बेसिक्स बंद केले.

नियम झाला, पुढे काय?

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि काही महिने सगळा डेटाच फुकट झाला. गरिबाला इंटरनेट मिळायला निवडक संकेतस्थळांची गरज नव्हती, हे त्यातून दिसले. पण हेही दिसले की तटस्थता एकटी पुरत नाही. दरयुद्धात कंपन्या बंद पडल्या, विलीन झाल्या. ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सवर फ्री बेसिक्स चालत होते, तिचीच मोबाईल सेवा २०१७ च्या अखेरीस गुंडाळली गेली. नाकेदार दोन-तीनच उरले तर नियम कागदावर राहायला वेळ लागत नाही.

याची लहान आवृत्ती आमच्या भागात पाहायला मिळते. इथल्या अनेक मोठ्या संकुलांत बिल्डर किंवा सोसायटी एकाच ब्रॉडबँडवाल्याला केबल टाकू देते. आमच्याकडेही बरीच वर्षे तसेच होते. सेवा खंडित झाली की तक्रार करायची, पण सोडून जायला दुसरा नसायचा. ट्रायचा नियम आमच्या गेटपाशी येऊन थांबत असे. केबल संकेतस्थळांत भेद करत नव्हती हे खरे, पण आम्हाला निवडच नव्हती.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. हा नियम कंपन्यांना बांधतो, सरकारला नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होते. जानेवारी २०२० मध्ये ते परत आले तेव्हा २जी वेगाने आणि सरकारने ठरवलेल्या सुमारे तीनशे संकेतस्थळांपुरते. ही यादीची अट मार्च २०२० पर्यंत होती, आणि ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. कोणते इंटरनेट मिळेल हे यादी करून कोणीतरी ठरवायचे, हा फ्री बेसिक्सचाच आराखडा होता, फक्त नाकेदार बदलला होता. २०१५ मध्ये ईमेल पाठवणाऱ्या दहा लाखांतले किती जण तेव्हा बोलले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

आणि कंपन्यांची मागणीही संपलेली नाही. जास्त डेटा खेचणाऱ्या परदेशी ॲप्सनी जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा, असे दूरसंचार कंपन्या पुन्हा म्हणू लागल्या आणि जुलै २०२३ मध्ये ट्रायने इंटरनेटवरच्या सेवांच्या नियमनाबाबत पुन्हा मते मागवली. अमेरिकेत तर हा नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये परत आणला गेला आणि २ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा आपल्याकडे हा प्रश्न कायमचा सुटला, असे समजून बसू नये.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला याची काळजी का असावी, असे मला एका मित्राने विचारले होते. कारण साधे आहे. आपले लेखन मुख्य प्रवाहातल्या कोणत्याही यादीत पहिल्या फेरीत येणार नाही. मराठी म्हणून ते इंग्रजीच्या मागे राहील, आणि मुस्लिम म्हणून मराठीतही कडेला. नाक्यावर पैसे भरून पुढे जाण्याची आपली ऐपत नाही आणि नाकेदाराची मर्जी सांभाळण्याची इच्छा असू नये. बड्या वर्तमानपत्राचे पान आणि या ब्लॉगचे पान एकाच दराने तुमच्या मोबाईलवर उघडते, एवढीच काय ती आपली बरोबरी. ती ८ फेब्रुवारी २०१६ च्या एका नियमावर उभी आहे. पुन्हा कधी ट्रायने मते मागवली, तर मराठीतून, चार ओळींत का होईना, आपले मत नक्की पाठवा.